कोण, कुठून, कशाला, बंद कधी

पोस्टमन सर म्हटल्यावर तुमच्या डोक्यात काय आलं, मला माहितीये. खाकी शर्ट, सायकल, खांद्याला पिशवी, दिवाळीत पोस्त मागायला दारात उभा. पुसा ते सगळं. आमच्या पोस्टमन सरांनी जन्मात कोणाच्या दारात पत्र टाकलं नाही, आणि सायकल तर त्यांना चालवताच येत नाही. आता तुम्ही म्हणाल, मग असेल कोणी गरीब, प्रेमळ, शेवटी सगळ्यांना रडवून जाणारा. तेही पुसा. शेवटी यात शिव्या आहेत. मला पडलेल्या. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

उल्हासनगर कॅम्प दोनला, कपड्यांच्या होलसेल दुकानाच्या वर आमचं ऑफिस. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी खोक्यांमधून वाट काढत जिना चढून वर आलो, तर समोर एक पन्नाशीचा माणूस डोळे मिटून बसलेला आणि उजव्या हाताची दोन बोटं टेबलावर चालवतोय. लहान पोरांना आपण बोटांचा माणूस चालवून दाखवतो ना, तसं. बोटं स्टेपलरपासून निघाली, चहाच्या ग्लासाशी थांबली, ग्लासाला वळसा घालून चार्जरच्या वायरवरून उडी मारून पलीकडच्या डब्याला जाऊन टेकली. मग त्याच वाटेने परत फिरली. मी म्हटलं, "सर नमस्कार, मी नवीन..." डोळे न उघडता ते म्हणाले, "थांब जरा. मी आत्ता पाकीट आहे. परत येऊ दे मला."

मी मनात म्हटलं, गेला हा माणूस कामातून.

आठ दिवसांत कळलं, की पाकीट म्हणजे मशीनने मशीनला धाडलेला निरोप; ते खरंच जातं आणि खरंच परत येतं. आमचं काम सोप्या शब्दांत सांगतो. लोक हल्ली मोठी मशीनं स्वतःकडे ठेवत नाहीत, क्लाउडवर भाड्याने घेतात. तिथे प्रत्येकाचं वेगळं खाजगी नेटवर्क असतं, म्हणजे भिंत घातलेलं कंपाउंड समजा. आता होतं काय, की मशीन एका कंपाउंडात आणि त्याच्या फायलींचं कोठार दुसऱ्याच कंपाउंडात. मशीनला कोठारापर्यंत न्यायचं, पण भिंत पाडायची नाही. हे सरांचं काम. दुसरे लोक त्यासाठी स्क्रीनवर दहा खिडक्या उघडून घाम गाळतात. सर आधी बोटं चालवायचे: स्टेपलर म्हणजे मशीन, डबा म्हणजे कोठार. जिथे बोट अडलं, तिथेच बिघाड. एकदा तरी चुकतील म्हणून मी वर्षभर डोळे लावून बसलो होतो. नाही चुकले.

पोस्टमन हे नाव वडिलांवरून. ते खरे पोस्टमन, कॅम्पातले. उल्हासनगर आधी लष्कराची छावणी, त्यामुळे जुने पत्ते सगळे बॅरेकचे. बॅरेक नंबर, खोली नंबर, कॅम्प नंबर. सर लहानपणी शाळा सुटली की वडिलांच्या मागे बॅरेक-बॅरेक फिरायचे. "कॅम्प लिहायला विसरलेलं पत्र आलं की बाबा खाली बसायचे," सर सांगायचे. "बॅरेक शंभर, खोली चार. कुठली शंभर? माणूस आहे, घर आहे, पत्र पण आहे. आणि तरी पोचत नाही. तेव्हा मला पत्त्याची भीती बसली."

ही भीती त्यांच्या अंगात किती मुरलेली, ते मी एका जीन्सवाल्याच्या कामात बघितलं. त्याची दोन नेटवर्क होती आणि कोणा शहाण्याने दोन्हीकडे एकसारखेच नंबर टाकले होते. इकडे जे मशीन दहा नंबर, तिकडेही दहा नंबर. जोडणार कसं? आमचे शेठ टेबलापाशी येऊन म्हणाले, "अरे पोस्टमन, कुछ जुगाड करो ना यार, आदमी नीचे बैठा है." सर म्हणाले, "सेठ, जुगाड का पता दूसरी बार नहीं मिलता." आणि चार दिवस बसून एका बाजूचा प्रत्येक नंबर बदलला. प्रत्येक. शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "ये तेरा सर चरिया है." चरिया म्हणजे सिंधीत वेडा. पण त्यानंतर शेठनी खालच्या स्वतःच्या कपड्यांच्या दुकानातला माल पण तसाच नंबर घालून लावला, हे मी या डोळ्यांनी बघितलंय.

माझी पहिली एकट्याने केलेली जोडणी आठवली की अजून कान गरम होतात. मशीनमधून कोठाराकडे हाका मारतोय, उत्तर नाही. दोन तास. शेवटी सर आले, बोटं स्टेपलरपासून निघाली, डब्याला टेकली आणि तिथेच उभी राहिली. "आता काय करू?" सरांनी मला विचारलं. म्हटलं, "या परत." "कुठून येऊ? रस्ता कुठाय?" मी इकडून तिकडे जायचा रस्ता घातला होता, तिकडून इकडे यायचा घातलाच नव्हता. "जायचा रस्ता सगळे घालतात रे," सर म्हणाले. "यायचा कोण घालतो, ते बघून माणूस ओळखावा." एवढं बोलून ते चहा प्यायला गेले आणि मी अर्धा तास त्या डब्याकडे बघत बसलो.

तसाच त्यांचा तिसऱ्या कंपाउंडाचा धडा. पहिलं दुसऱ्याला जोडलंय, दुसरं तिसऱ्याला, मग पहिल्यातून थेट तिसऱ्यात का जाता येत नाही, असं मी विचारलं. सर म्हणाले, "तू माझ्या ओळखीचा. मी माझ्या मेहुणीच्या ओळखीचा. म्हणून तू तिच्याकडे जाऊन जेवायला बसणार का?" म्हटलं, "सर, जेवण चांगलं असेल तर..." अंबरनाथपर्यंत हसू ऐकू गेलं असेल. सर हसायचे तेव्हा मान मागे टाकून, आवाज न लपवता हसायचे.

आणि आवाज! आता माझ्या रोगाकडे येतो. मी कुळगावच्या शाळेतला. मार्क कमी, आवाज जास्त. हेडमास्तरांच्या आवाजात माइकवरून मी एकदा सुट्टी जाहीर केली होती, अर्धी शाळा घरी पोचली होती. तर पोस्टमन सरांचा आवाज म्हणजे माझ्यासाठी मेजवानी. जाड, संथ, वाक्याआधी एक छोटा खोकला. फोन लावला की नाव सांगायचे नाहीत. खोकायचे आणि म्हणायचे, "मी बोलतोय." बस. पलीकडचा माणूस खुर्चीत सावरून बसायचा. कुठल्याही कंपनीचा असो, सर म्हणाले उघडा तर त्यांच्या नेटवर्कचं गेट उघडायचं. कागद मागाहून यायचा. मी हे डोळ्यांनी बघत होतो आणि मला वाटायचं, ही जादू त्या खोकल्यात आहे.

गेट उघडायच्या आधी सर चार प्रश्न विचारायचे. कोण? कुठून? कशाला? बंद कधी? शेठनी मागितलं तरी हेच चार. मी मशीन जोडायला परवानगी मागितली तरी हेच चार. हाताची चार बोटं धरून. मी दुपारच्या डब्याला सगळ्यांसमोर नक्कल करायचो: खोकला, "मी बोलतोय, कोण? कुठून? कशाला?" लोक हसून हसून भाजी सांडायचे. चौथा प्रश्न मी घ्यायचो नाही. तीनावर हशा येतो, चौथ्यावर कोणी हसत नाही. सरांना ही नक्कल माहीत होती. मला ते टेपरेकॉर्डर म्हणायचे. एकदा मागे उभे राहून सगळी ऐकली आणि फक्त म्हणाले, "टेप मध्येच तुटते रे तुझी."

महिन्यातून एकदा सर आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचे. त्या सकाळी ऑफिसचा फोन ऑफिसच्या टेबलावर, मॉनिटरखाली ठेवलेल्या एवढ्याशा बुद्धाच्या मूर्तीशेजारी. सोबत दुसरा फोन नाही. शेठ चिडायचे, तर म्हणायचे, "आईबरोबर असताना मी कोणाच्याच नेटवर्कमध्ये नाही."

त्यातलीच ती सकाळ.

बदलापूरला कात्रपमध्ये एक तपासणी केंद्र आमच्याकडे होतं. एक्स-रे, स्कॅन, सगळं. स्कॅन दाखवणारं मशीन आम्ही सांभाळायचो, आणि जुन्या स्कॅनचं कोठार दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कात होतं. त्या कोठाराच्या गेटाची किल्ली ऐरोलीच्या एका साहेबांकडे. त्यांना मी कधी बघितलं नाही, मला फक्त त्यांचा आवाज माहीत. दहाच्या सुमाराला केंद्रातल्या सुवर्णाताईंचा फोन आला. त्या तिथलं सगळं कॉम्प्युटरचं बघायच्या.

"अरे, स्कॅनचं मशीन बंद पडलंय. सर कुठायत?"

"आईला घेऊन गेलेत. मी करतो ना ताई."

"लवकर कर बाबा. बारवी धरणाकडच्या वाडीवरून एक मावशी आल्यात, पहाटे निघालेल्या. डॉक्टरांना त्यांचा गेल्या वर्षीचा स्कॅन बघायचाय. गाठ वाढलीय की तेवढीच आहे, त्यावर ठरणार, आज मुंबईला पाठवायचं की घरी सोडायचं. बाकड्यावर बसल्यात, माझ्याकडेच बघतायत."

मी नवीन मशीन चालू केलं. वीस मिनिटांत. मलाच माझा अभिमान वाटला. पण नवीन मशीन म्हणजे नवीन पत्ता, आणि कोठाराचं गेट फक्त जुना पत्ता ओळखत होतं. ऐरोलीला फोन लावला, माझ्या आवाजात. साहेब म्हणाले, "सरांना फोन करायला सांगा. त्यांच्याशिवाय मी गेटला हात लावत नाही." म्हटलं, सर बाहेर आहेत. "मग येऊ दे त्यांना," म्हणाले आणि ठेवला.

सुवर्णाताईंचा परत फोन. "मावशी विचारतायत, यंत्र सुरू झालं का. मी काय सांगू?"

समोर सरांचा फोन चार्जिंगला लावलेला. ऐरोलीच्या साहेबांना नंबर पण सरांचाच दिसणार होता.

खरं सांगतो, घाई होती म्हणून केलं, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की मला तो आवाज एकदा खऱ्या कामात वापरून बघायचा होता. मी फोन उचलला, खोकलो, म्हटलं, "मी बोलतोय."

"बोला सर, बोला!" ऐरोलीचे साहेब एकदम वेगळेच झाले. मला आतून गुदगुल्या झाल्या.

"ते कात्रपचं गेट उघडा जरा."

"हो सर. कुठला पत्ता देऊ?"

पत्ता समोर स्क्रीनवर होता हो. वाचायचा फक्त. पण मी त्या आवाजात इतका रंगलो होतो, की मोठ्या माणसाने आकडे वाचावेत हे मला शोभेना. म्हटलं, "अहो, आमच्या सगळ्यांनाच उघडून टाका. आपलीच माणसं आहेत."

"सगळ्यांना? बरं... तुम्ही म्हणताय म्हणजे काहीतरी असेल."

गेट उघडलं. सुवर्णाताईंचा फोन: "आलं रे आलं! यादी दिसतेय!" मी खुर्चीतून उठून डब्याच्या वेळी करायचो तसा वाकून मुजरा केला. रिकाम्या ऑफिसला.

दहा मिनिटांनी परत फोन. या वेळी ताईंचा आवाज बारीक झालेला. "अरे, यादी कमी होतेय. माझ्या डोळ्यांदेखत. आत्ता दोन वर्षांपूर्वीचे होते, ते नाहीत. मावशींचं नाव होतं... तेही गेलं."

आमच्याच नेटवर्कात माझं सरावाचं एक मशीन होतं. खऱ्या मशीनवरून मी सगळ्या सेटिंग तशाच्या तशा उतरवलेल्या. वर हुशारी म्हणून त्यावर एक झाडू बसवला होता: दर तासाला, आठवड्याहून जुनी प्रत्येक फाइल साफ. माझ्याच रद्दी फायलींसाठी. ते मशीन महिनाभर कोठाराच्या गेटावर टकटक करत होतं आणि गेट त्याला आत घेत नव्हतं. आज मी सरांच्या आवाजात सांगितलं, आपलीच माणसं आहेत. ते आत गेलं, तास भरला आणि झाडायला लागलं.

पण हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला काहीच कळत नव्हतं. मी नुसता स्क्रीनकडे बघत होतो.

सर नेमके तेव्हा जिन्यात. आईला घरी सोडून लवकर आले होते. माझं तोंड बघितलं, पाणी पण प्यायले नाहीत, बसले. मी म्हटलं, "सर, स्कॅन जातायत." डोळे मिटले. बोटं निघाली. स्टेपलर, ग्लास, चार्जर, डबा. डब्यावर बोटं थांबली. मग त्यांनी डावा हात पण टेबलावर ठेवला. तो हात मी कधीच चालताना बघितला नव्हता. डाव्या हाताची दोन बोटं दुसऱ्याच कोपऱ्यातून निघाली आणि त्याच डब्याला जाऊन टेकली.

"पाकीट एकटं गेलेलं नाही," डोळे मिटूनच म्हणाले. "मागून अजून कोणतरी आत शिरलंय. तुझं सरावाचं मशीन कुठल्या नेटवर्कात आहे?"

मी सांगितलं. आधी त्यांनी ते मशीन बंद केलं. मग ऐरोलीला फोन लावला, नवीन मशीनचा एकच पत्ता सांगितला, बाकी सगळं बंद करायला लावलं. पलीकडून साहेब घाबरून म्हणाले, "सर, मघाशी तुम्हीच म्हणालात, सगळ्यांना..." सरांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. आणि फोनमध्ये म्हणाले, "माझ्या नावावर उघडलं, तर भरून मी देणार. बाकीचं सांगायला तुम्हाला फोन येईल."

पुढे जे मी बघितलं, ते मी कोणाला सांगितलं तर लोकांना वाटतं, हा रंगवून सांगतोय. केंद्राशी करार करतानाच सरांनी रोज संध्याकाळी त्या स्कॅनची एक प्रत काढून ठेवायची सोय केली होती. पण ठेवली होती अशा एका तिसऱ्या नेटवर्कात, ज्याला कुठूनच रस्ता नव्हता. "चोराला सापडू नये म्हणून?" मी विचारलं. "आपल्याला सापडू नये म्हणून," सर म्हणाले. रोज रस्ता बांधायचा, प्रत न्यायची, आणि रस्ता तोडायचा. शेठना हा खुळेपणा वाटायचा. आज सरांनी तो रस्ता माझ्यासमोर बांधला. जायचा. मग यायचा. बोटं एकदा चालवून बघितली. आणि मग कात्रपच्या माणसांच्या छात्या, गुडघे, पाठीचे कणे, एक एक करून परत यायला लागले. झाडूने आठवड्यापेक्षा जुनं तेवढंच नेलं होतं, आणि ते सगळं त्या तिसऱ्या नेटवर्कात होतं. सगळं. मी फायली मोजत होतो आणि मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटत होतं. शेवटची फाइल आली, तसा सरांनी रस्ता तोडला. हात झटकले, जणू सिमेंट लागलंय.

सुवर्णाताईंनी तीन वाजता कळवलं. डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून बघितले. गाठ तेवढीच आहे. मावशी घरी निघाल्या, शेवटची एसटी चुकू नये म्हणून घाईघाईत.

सर आता आमच्याकडे नाहीत. आईचे डोळे पूर्ण गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली, अंबरनाथला घरीच असतात, दुपारी आईला पेपर वाचून दाखवतात. जाताना मला स्टेपलर देऊन गेले. पण मला ते आठवतात ते त्या दिवशी साडेतीनचे. मी सुटलो असं वाटून डबा उघडत होतो.

"ठेव तो डबा," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट. "कर माझी नक्कल."

"सर, चुकलं माझं..."

"चुकलं ते मला माहितीये. नक्कल कर. पूर्ण."

मी खोकलो. खोकला बरोबर आला, सवयीचा हो. "मी बोलतोय. कोण? कुठून? कशाला..." आणि सवयीने तिथेच थांबलो.

"तुटली टेप!" आता मात्र सर कडाडले. खालच्या दुकानातला माणूस जिन्यातून डोकावला. "खोकला घेतलास, आवाज घेतलास, फोन पण माझाच घेतलास. विचारणं कोणी घ्यायचं? तुझ्या बापाने? तुला काय वाटतं, लोक माझ्या घशाला गेट उघडतात? वीस वर्षं मी लोकांना वैताग येईपर्यंत विचारलंय, म्हणून उघडतात! ती बाई बाकड्यावर बसली होती, तिला तू काय सांगणार होतास? की मला मोठ्या माणसासारखं बोलून बघायचं होतं?"

मी खाली बघून उभा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. रडवणार नाही म्हटलं होतं, ते तुम्हाला. मला धरून नव्हतं.

सरांनी चार्जरवरून फोन काढला आणि माझ्या हातात दिला. "ऐरोलीला लाव. काय झालं ते सगळं सांग."

मी नंबर लावला. पलीकडे उचलला. "बोला सर, बोला," ऐरोलीचे साहेब म्हणाले. माझ्या तोंडातून सवयीने निघालं, "मी बोलतोय..."

"कोण मी?" सर मागून ओरडले. "नाव सांग स्वतःचं! पहिला प्रश्न तोच आहे ना, गाढवा!"